दोन मिली औषध

डे-केअरमधली सिस्टर फ्रिजमधून काढलेली कुपी उजेडाकडे धरून आत कण तर नाहीत ना, ते बघते. कुपी हलवत मात्र नाही. निव्होलुमॅब हे प्रथिन आहे, त्याला घुसळणं सोसत नाही. कुपीत ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४ मिली. काकांच्या वाट्याला २ मिली. उरलेलं लगेच शेजारच्या खाटेवरच्या बाईंना. सलाईनच्या पिशवीत मिसळून, बारीक फिल्टरच्या नळीतून अर्ध्या तासात संपतं. “एवढंच?” काका विचारतात. आगाशीहून पहाटे निघून, विरार लोकलच्या दिव्यांग डब्यातून परळपर्यंत आलेल्या माणसाला ते पटत नाही.

काकांनी तंबाखूला कधी हात लावला नाही. टॉन्सिलच्या गाठीचा तुकडा पी-१६ चाचणीत पॉझिटिव्ह आला, तेव्हा एचपीव्ही या विषाणूचं नाव पुढे आलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हाच विषाणू असतो हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं पेशीची बेलगाम वाढ रोखणारी यंत्रणा मोडतात. पण ती शरीराला परकी, म्हणून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींच्या नजरेत भरतात. मग गाठ टी-पेशींवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक दाबते. निव्होलुमॅब त्या ब्रेकवर जाऊन बसतं, गाठीला तो दाबू देत नाही.

अडचण पैशाची. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. तो परवडणारं घर आमच्या पट्ट्यात शोधावं लागेल. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी उलटा प्रश्न विचारला: कमीत कमी किती पुरेल? बऱ्या न होणाऱ्या डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या गोळ्या दिल्या. बाकीच्यांना त्यांच्या जोडीला तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. वर्षभराने जगण्याचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. विषाणूची अट नव्हती, आणि ते बरंच झालं. आपल्याकडे डोक्या-मानेचे बहुतेक कॅन्सर तंबाखूचेच. कमीत कमी किती पुरेल, हा प्रश्न औषध विकणारी कंपनी कशाला विचारेल?

सुई काढताना सिस्टर काकांना बजावते: धाप लागली, जुलाब सुरू झाले, अंगावर पुरळ आलं तर आधी आम्हाला फोन. मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी फुप्फुसावर, आतड्यावरही उठतात; तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही, बहुधा स्टेरॉइड लागतं. गल्लीतल्या डॉक्टरांनाही हे औषध चालू असल्याचं सांगायचं. थायरॉइडही बिघडू शकतो, म्हणून पुढच्या खेपेआधी टीएसएच. ती तपासणी विरारलाच होईल, तेवढ्यासाठी परळ गाठायला नको.