खऱ्या नकलेचे मोल

‘नक्कल’ हा शब्द मराठीत सहसा आदराने उच्चारला जात नाही. परीक्षेतील नक्कल हा गुन्हा, साहित्यातील नक्कल हे दारिद्र्य आणि चित्रकलेतील नक्कल म्हणजे प्रतिभेचा अभाव, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कचेरीच्या व्यवहारात मात्र हाच शब्द निराळे वजन घेऊन येतो. दस्तऐवजाची ‘खरी नक्कल’ मिळावी म्हणून माणूस तहसील कचेरीत खेटे घालतो. कारण मूळ कागद हरवला, कुजला वा जळाला, तर हक्क शाबीत करण्यास तीच उपयोगी पडते. प्राचीन वास्तू आणि भित्तिचित्रे यांच्या हाताने रंगविलेल्या प्रतिकृतींकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

युरोपात अठराव्या शतकात रोमच्या भग्नावशेषांची चित्रे हा एक भरभराटीचा व्यवसाय होता. इटलीच्या प्रवासास आलेले श्रीमंत लोक कोलोसियमची किंवा पडक्या मंदिरांची चित्रे आठवण म्हणून विकत नेत. पानिनी या चित्रकाराने प्राचीन रोमच्या वास्तूंचे आपले गाजलेले चित्र एकाहून अधिक वेळा रंगविले. त्या काळी रोमचा प्राचीन चौक मातीखाली गाडला गेला होता आणि तेथे गुरे चरत असत. पुढे उत्खनन होऊन ते दृश्य नाहीसे झाले. परंतु चित्रांत ते राहिले. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हौसेखातर निघालेला माल पुढच्या पिढ्यांसाठी पुरावा ठरला.

आपल्याकडे याचे सर्वात मोठे उदाहरण अजिंठ्याचे. अजिंठा औरंगाबादकडचा, वऱ्हाडाचा त्याच्याशी काय संबंध, असे अकोला-अमरावतीच्या वाचकास वाटू शकेल. परंतु सोळाव्या लेण्यातील शिलालेखानुसार ते लेणे खोदविणारा वराहदेव हा वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री होता. आणि हरिषेण ज्या शाखेचा, तिची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. या वाकाटकांचे लेख संपादून त्यांचा इतिहास उभा करणारे महामहोपाध्याय मिराशी यांनी अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपदही भूषविले होते. अजिंठ्याच्या भिंती ज्यांच्या काळात रंगल्या, त्यांचे सिंहासन वऱ्हाडात होते, हे विसरता येत नाही.

या चित्रांच्या नकलांचा इतिहास मात्र मनाला चटका लावणारा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला ते काम दिले. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांच्या परिसरात राहून मोठमोठ्या प्रतिकृती तयार केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या असता १८६६ च्या आगीत बोटांवर मोजण्याइतक्या सोडून सर्व भस्मसात झाल्या. गिल १८७९ मध्ये निवर्तला. त्याची कबर भुसावळला आहे. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना घेऊन हेच काम पुन्हा हाती घेतले. ते १८८५ पर्यंत चालले आणि सुमारे तीनशे चित्रे सिद्ध झाली. त्यांतील शंभरहून अधिक चित्रे १८८५ मध्येच लंडनच्या संग्रहालयात आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. जपानी कलावंतांनी केलेल्या प्रतीही १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या.

हा केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या नकला मूळ चित्रांचा विमा म्हणून तयार झाल्या, त्यांतील बहुतेक एकेका छपराखाली ठेवल्या गेल्या. आणि ते छप्परही मूळ चित्रांपासून हजारो मैल दूर होते. धोका विभागला गेला नाही, तर विम्याला अर्थ उरत नाही, हे अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते. विद्यार्थ्यांचे तेरा वर्षांचे श्रम खर्ची पडले, फळ मात्र परदेशी भांडारात गेले. ज्यांच्या भूमीतील ही चित्रे, त्यांना ना मूळ जवळ, ना नक्कल.

या व्यवहाराची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नकलाकारांनी मूळ भिंतींवर रोगण चढविले; ते कालांतराने पिवळे पडले आणि त्याने चित्रांचे नुकसान केले. पुढे १९२० नंतर निजामाच्या पुरातत्त्व खात्याने इटालियन तज्ज्ञ बोलावून दुरुस्तीचा प्रयत्न केला. नक्कल करणाऱ्याने मुळाला हात लावू नये, हा धडा फार महाग पडला.

आता छायाचित्रे आहेत, संगणकावर भिंतीचा इंचन्‌इंच साठविता येतो, मग हाताच्या नकलेचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिक आहे. नोंदीपुरते पाहिले तर यंत्र श्रेष्ठ, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गिलच्या काळी कॅमेऱ्याला रंग दिसत नव्हते. त्यानंतर जे रंग उडाले आणि जो गिलावा गळून पडला, त्याची साक्ष आज केवळ उरलेल्या नकलाच देतात. शिवाय छायाचित्र क्षणात निघते. नक्कल करणाऱ्याला मात्र त्या भिंतीसमोर दिवसचे दिवस बसावे लागते. जो बसतो, त्याची त्या भिंतीशी बांधिलकी जडते. ही बांधिलकी कोणत्याही यंत्रातून निघत नाही आणि जतनाच्या कामी तिच्याइतकी उपयुक्त दुसरी गुंतवणूक नाही.

वऱ्हाडात अशा भिंतींचा तुटवडा नाही. बाळापूरची मिर्झाराजे जयसिंगाची छत्री, नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, गाविलगडाची तटबंदी, अचलपूरचा हौज कटोरा, ही सर्व ऊन, पाऊस आणि उपेक्षा सोसत उभी आहेत. दरवर्षी शाळाशाळांतील मुले एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात. त्यांच्या चित्रकला शिक्षकांनी वर्षातून एकदा त्यांना या वास्तूंसमोर नेऊन बसवावे. मोजमाप घेऊन, रंग टिपून, तारीख घालून चित्रे काढून घ्यावीत. त्यांची एक प्रत शाळेत, दुसरी गावच्या वाचनालयात आणि तिसरी जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावी. यास मोठे अनुदान लागत नाही. कागद, रंग आणि एस.टी.चे भाडे एवढाच काय तो खर्च.

त्यांतील बहुतेक चित्रे सामान्य असतील. तरीही पन्नास वर्षांनी एखादी कमान कोसळली, तर ती कशी होती हे सांगणारा कागद वऱ्हाडातच सापडेल. त्यासाठी लंडनच्या भांडाराकडे अर्ज करावा लागणार नाही.