फरशीवरचे आरमार

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मगाव. तेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण जिजाबाईंच्या पुत्राने कोकणात आरमार उभारले आणि १६७९ साली मुंबईजवळच्या खांदेरी बेटापाशी त्या आरमाराने इंग्रजांशी झुंज दिली. समुद्र कधीही न पाहिलेल्या विद्यार्थ्यालाही ही झुंज अभ्यासता येते. कशी? चिमुकली जहाजे करून, वर्गाच्या फरशीवर!

हा नुसता पोरखेळ नव्हे. इंग्लंडमध्ये फ्रेड जेन यांनी १८९८ साली जहाजांच्या प्रतिकृती वापरून खेळण्याचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलातील तरुण मुली यांनी फरशीवर रेघा आखून पाणबुड्यांच्या हल्ल्यांचा असाच अभ्यास केला. तेथे शोधलेले डावपेच समुद्रावरील अधिकाऱ्यांना शिकविले गेले. खलाशांचे प्राण त्यांवर अवलंबून होते.

अशा खेळात १ : १२०० हे प्रमाण पुष्कळदा वापरतात. म्हणजे २४ मीटर लांबीचे गलबत केवळ २ सें.मी. लांब होते. आगकाडीच्या तुकड्यावर कागदाचे शीड चिकटवले की झाले! या प्रतिकृती पाण्यात सोडायच्या नसतात, म्हणून जहाजाचा पाण्याबाहेर दिसणारा भागच करतात.

मात्र लांबी लहान केली की काम संपले, असे नाही. अंतर आणि वेग यांनाही तेच प्रमाण लावावे लागते. मराठ्यांच्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत व ती ताशी चार मैल वेगाने वल्हवता येत, असे ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहिले आहे. ताशी चार मैल म्हणजे मिनिटाला सुमारे १०७ मीटर. याला १२०० ने भागा. उत्तर येते सुमारे ९ सें.मी. आपला एक डाव म्हणजे एक मिनिट धरला, तर गलबत दर डावाला ९ सें.मी. सरकेल. शिडाच्या मोठ्या जहाजाचे काय? वारा असेल तर ते धावेल. वारा पडला तर जागीच राहील.

आता समजा, मोठ्या जहाजावरील तोफांचा परिणामकारक पल्ला ३०० मीटर आहे. फरशीवर तो २५ सें.मी. होईल. तोफ पुन्हा भरण्यास तीन मिनिटे लागतात असे माना. तीन डावांत गलबत किती सरकेल? २७ सें.मी.! म्हणजे तोफांची एक फैर झडली की दुसरी झडण्यापूर्वीच गलबत सारा पल्ला ओलांडून जहाजाला भिडेल. तेही जहाजाच्या मागच्या बाजूने, जिथे तोफा थोड्या असतात.

पण थांबा! तोफ दीड मिनिटात भरली जाते असे धरून पाहा. आता गलबत वाटेतच दुसऱ्या फैरीत सापडते. एकच आकडा बदलला आणि निकाल डळमळला.

प्रत्यक्षात काय घडले? १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांची चपळ गलबते इंग्रजांवर चालून गेली. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज त्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ मात्र तोफांचा मारा करीत टिकून राहिले. चपळाई आणि तोफा या दोन्हींचे बळ एकाच दिवशी दिसले!

फरशीवरचा खेळ इतिहास सिद्ध करीत नाही. कोणत्या गृहीतावर निकाल अवलंबून आहे, एवढे तो दाखवतो. शास्त्रज्ञाच्या प्रयोगाचे कामही याहून फारसे वेगळे नसते.

मग घ्या आगकाड्या, मोजपट्टी आणि खडू. एका वेळी एकच आकडा बदला आणि प्रत्येक खेळाचा निकाल वहीत लिहून ठेवा. वाऱ्याची दिशा ठरवायला मात्र विसरू नका!