मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि रुग्णांचा परस्पर आधार

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात काळी, कसदार जमीन आहे. परंतु तिच्या पोटातील पाणी खारे आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेला हा मुलूख 'खारपाणपट्टा' या नावाने सर्वपरिचित आहे. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांसाठी वाण धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखावी लागली, ती याच अडचणीमुळे.

या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचे रुग्ण अनेक गावांत आढळतात. लोक त्याचा दोष पाण्यास देतात. शास्त्रीयदृष्ट्या ही कारणमीमांसा अद्याप पूर्ण झालेली नाही. मधुमेह व उच्च रक्तदाब ही या विकाराची जगभर आढळणारी प्रमुख कारणे होत. तथापि आंध्र प्रदेशातील उद्दानम किंवा श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत अशा काही शेतीप्रधान भागांत या दोन्ही कारणांवाचूनही तो मोठ्या प्रमाणावर दिसून येतो. कारणाचा शोध चालू राहील. दरम्यान ज्याला हा विकार जडला आहे, त्याचे दिवस कसे जावेत, हा प्रश्न थांबून राहू शकत नाही.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर शरीरातील मलद्रव्ये यंत्राच्या साहाय्याने काढावी लागतात. यासच डायलिसिस म्हणतात. हातातील रक्तवाहिनीतून रक्त यंत्रात जाते, गाळले जाते व परत शरीरात येते. एका वेळेस सुमारे चार तास लागतात, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा हे करावे लागते. २०१६ मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा पातळीवर ही सोय गरीब कुटुंबांस विनामूल्य मिळू लागली, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही या उपचाराचा समावेश आहे. यंत्राची व्यवस्था अशा रीतीने होऊ शकते. आठवड्याचे उरलेले दिवस मात्र रुग्णास घरीच काढावयाचे असतात, आणि कठीण भाग तोच होय.

दिवसभरात पाणी किती प्यावे, याचे माप ठरलेले असते. वैशाखात शेतावरून आलेल्या माणसास तांब्याभर पाणी नाकारणे हे घरच्यांस क्रूरपणाचे वाटते. ते का नाकारावयाचे, हे डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलेले असते. केळी व शहाळ्याचे पाणी एरवी आजाऱ्यास आवर्जून दिले जाते, पण या रुग्णास त्यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. भाजी चिरून पाण्यात भिजवावी, उकळावी व ते पाणी टाकून द्यावे. ज्या हातावर डायलिसिसची शीर तयार केली आहे, त्या हाताने ओझे उचलू नये, त्यात घट्ट बांगडी घालू नये, त्यावर रक्तदाब मोजू देऊ नये. या गोष्टी कागदावर वाचून अंगवळणी पडत नाहीत. शेजारच्या खाटेवरील जुना रुग्ण त्या सांगतो, तेव्हा त्या पटतात. कारण त्याने त्या केलेल्या असतात.

रुग्णांनी रुग्णांस आधार द्यावा, ही कल्पना नवी नाही. १९०५ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरुग्णांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला. प्रत्येक जण रोजच्या नोंदींची वही घेऊन येई, वजन केले जाई आणि एकाचे वाढलेले वजन पाहून दुसऱ्यास धीर येई. आपल्याकडे पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हे अशाच स्वरूपाचे काम मराठीतून करीत आले आहे. आता मोबाइल फोनमुळे, एका गावात एकच रुग्ण असला तरी, त्यास दहा गावांतील सोबती मिळू शकतात. डायलिसिसची पाळी चुकली, तर 'आज का आला नाहीत?' असे विचारणारा कोणीतरी असतो. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत या एका प्रश्नाचे मोल मोठे आहे. राज्य परिवहनच्या बसमध्ये डायलिसिसच्या रुग्णांस भाड्यात सवलत असते, ही माहितीदेखील पुष्कळदा अशाच तोंडातून कळते.

अशा गटांचे धोकेही लक्षात घेतले पाहिजेत. 'यंत्र सोडा, हा काढा घ्या' असा संदेश एका क्षणात शंभर जणांपर्यंत जातो, आणि पाळ्या सोडलेला रुग्ण काही दिवसांतच दगावू शकतो. म्हणून गटात एखादी परिचारिका किंवा डायलिसिस तंत्रज्ञ असणे इष्ट आहे; तिने उपचार सांगावेत असे नव्हे, चुकीचे तेवढे थांबवावे. दुसऱ्याचे तपासणीचे कागद त्याच्या संमतीवाचून पुढे पाठवू नयेत. लग्नाच्या वयाची मुले घरात असताना आजार उघड होण्याची धास्ती कुटुंबांस वाटते, आणि ती अनाठायी नसते.

याहून अवघड प्रसंग म्हणजे गटातील एखाद्याचा मृत्यू. ज्याने शीर कशी जपावी हे सांगितले, तोच गेला, तर मागे राहिलेल्यांचा धीर सुटतो. काही जण बोलणेच बंद करतात. अशा वेळी ती बातमी दडपून ठेवणे हे सर्वांत वाईट. ती सांगावी, गेलेल्याच्या घरी दोघांनी जाऊन यावे आणि पुढची पाळी कोणाची कधी आहे याची विचारपूस त्याच दिवशी सुरू ठेवावी.

ग्रामपंचायत व शाळा यांना येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. आशा कार्यकर्तीस गावातील रुग्ण ठाऊक असतात. त्यांची एकमेकांशी ओळख, त्यांची इच्छा असल्यास, ती करून देऊ शकते. वाचता न येणाऱ्यांसाठी संदेश बोलून पाठविण्याची रीत शिक्षक शिकवू शकतात. स्त्री-रुग्णांचा विचार मात्र निराळा करावयास हवा. घरातील फोन बहुधा मुलाच्या किंवा पतीच्या खिशात असतो आणि तो सकाळीच शेतावर किंवा कामावर जातो. अशा बाईसाठी गट म्हणजे डायलिसिसच्या चार तासांत शेजारच्या खाटेवर असलेली दुसरी बाई. म्हणून शक्य तेथे ओळखीच्या रुग्णांच्या पाळ्या एकाच दिवशी ठेवाव्यात. त्यास निराळा खर्च लागत नाही. केवळ वेळापत्रक लावताना कोणीतरी तेवढे विचारावे लागते.