अंजन कोणता? — वनस्पतींची ओळख सांगणारे ग्रंथ आणि आपण

नोकरीस लागल्यावर दुसऱ्याच वर्षीं माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्यावांचून पुढील विषय नीट उलगडणार नाहीं. मी जन्मानें घाटाखालचा, आणि नेमणूक झाली खानदेशांत. एका रस्त्याच्या कामांत कांहीं खातेदारांच्या बांधांवरील झाडें गेलीं होतीं. त्यांच्या भरपाईचा तक्ता पंचनाम्यांवरून तयार करण्याचें काम मजकडे आलें. एका कुणब्याच्या नांवापुढें पंचांनीं 'अंजन, नग चार' असें लिहून दिलें होतें. माझ्या डोळ्यांपुढें आमच्या गांवच्या राईंतील अंजनी उभी राहिली, आणि मी शेऱ्याच्या रकान्यांत 'सरपण' असें लिहून मोकळा झालों. त्या मनुष्यास इमारती लांकडाच्या चार झाडांबद्दल जळाऊ लांकडाचा दर मंजूर झाला. तो अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवूं लागला तेव्हां कोठें मला माझी चूक कळली. आणि कागद दुरुस्त होईपर्यंत दोन पावसाळे लोटले.

खानदेशांतील अंजन म्हणजे शास्त्रीय भाषेंत हार्डविकिआ बिनाटा. त्याचें पान दोन दलांचें, जणूं आपट्याचें पान मधोमध चिरून दोन केलें असावें असें. त्याचें लांकूड आपल्या देशांतील अत्यंत कठीण व जड लांकडांत मोडतें, पाला गुरें आवडीनें खातात, आणि सालीच्या वाखाचे दोर वळतात. सह्याद्रींतील अंजनी म्हणजे मेमेसिलॉन अंबेलाटम. लहानसें सदाहरित झाड, पानें समोरासमोर व जाड, आणि फांद्यांस चिकटून निळ्या फुलांचे झुबके. दोहोंचें कूळ निराळें, गुण निराळे, मोल निराळें. शिवाय अंजन नांवाचें एक गवतही आहे, तें सेन्क्रस सिलिआरिस. बोलीभाषेंतील नांव आपल्या गांवच्या वेशीपर्यंत उत्तम चालतें. वेशीबाहेर त्याची खात्री देतां येत नाहीं.

त्या प्रकरणानंतर एका वृद्ध शिक्षकांनीं मला कूक साहेबांचा ग्रंथ दाखविला. थिओडोर कूक हे पुण्याच्या विज्ञान कॉलेजाचे मुख्य होते. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचें वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ 1901 पासून 1908 पर्यंत भागाभागांनीं निघाला, व 1958 सालीं भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्यानें तो पुन्हां छापला. त्याच्या पूर्वीं डालझेल व गिब्सन यांचा ग्रंथ 1861 सालीं व नेर्न यांचा 1894 सालीं झाला होता. हे नेर्न मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींतले, म्हणजे एका अर्थीं आमच्याच बिरादरीचे, हें वाचून मला थोडा धीर आला.

कूकचा ग्रंथ प्रथम उघडणारा मनुष्य घाबरून मिटून ठेवतो, कारण त्यांत चित्रें नाहींत आणि इंग्रजी मजकुरांत लॅटिन शब्दांची दाटी आहे. परंतु त्याची खरी किल्ली निराळी आहे. प्रत्येक कुळाच्या आरंभीं एक कोष्टक असतें, आणि तें आपणांस एकामागून एक प्रश्न विचारीत जातें. पान साधें कीं संयुक्त? फूल नियमित कीं अनियमित? प्रत्येक उत्तराबरोबर वाट अरुंद होते व शेवटीं एकच नांव उरतें.

उदाहरणार्थ टाकळा घ्यावा. पहिल्या पावसानंतर त्याच्या कोंवळ्या पाल्याची भाजी आपण सर्वच खातों. त्याच्याच शेजारीं उकिरड्यावर कासविंदा उगवतो, आणि कित्येक गांवीं त्यालाच रानटाकळा म्हणतात. टाकळ्याच्या पानास दलांच्या तीन जोड्या असतात व दलांचीं टोकें गोलसर असतात. शेंग लांब व बारीक. कासविंद्याचीं दलें बहुधा चार-पांच जोड्या व टोंकदार; देठाच्या बुडाशीं एक बारीक गांठ असते, आणि शेंग आंखूड व चपटी. हा भेद केवळ विद्वत्तेचा नव्हे. उत्तर प्रदेशांतील बिजनोरकडील भागांत लहान मुलें थंडीच्या सुमारास एकाएकीं आजारी पडून दगावत, व तो मेंदूज्वर समजला जाई. कासविंद्याचें बीं खाण्यांत आल्यानें हा रोग होतो असें दाखविणारा तपास 2007 सालीं प्रसिद्ध झाला. गुरांनाही हें बीं बाधतें.

झाडांच्या उपयोगांविषयीं कूक फारसें सांगत नाहीं. त्यासाठीं वॉट यांचा 1889 ते 1893 या काळांत निघालेला आर्थिक उत्पन्नांचा कोश, किंवा कीर्तिकर व बसू यांचा औषधी वनस्पतींवरील 1918 चा ग्रंथ पाहावा. मात्र औषधी पुस्तकांत एकेका झुडुपास जे वीस-वीस गुण चिकटविलेले असतात, ते जुन्या लोकांकडून ऐकलेले म्हणून वाचावे, सिद्ध झालेले म्हणून नव्हे, असें माझें मत आहे.

हीं पुस्तकें साहेबांचीं, आपला त्यांत काय संबंध, असें कोणी म्हणेल. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ केला व जो 1678 ते 1693 मध्यें आम्स्टरडॅम येथें छापला गेला, त्यास माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन् हे मलबारी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मणही होते. या तिघांची कोंकणी भाषेंतील व नागरी लिपींतील साक्ष त्या ग्रंथांत छापलेली आहे. नांवें आपल्याच लोकांनीं सांगितलीं. छापलीं मात्र परक्यांनीं.

कूकच्या ग्रंथाची एक उणीव ध्यानांत ठेवावी. ज्या गाजरगवतानें आज आपलीं शेतें व्यापलीं आहेत, तें त्यांत शोधून सांपडणार नाहीं. पुण्याच्या बाजूस त्याची प्रथम नोंद 1950 नंतरच्या दशकांत झाली. शिवाय त्यांतील कित्येक शास्त्रीय नांवें पुढें बदललीं. टाकळा तेथें कॅसिआ वर्गांत आहे, आतां तो सेना वर्गांत गणतात. म्हणून सर्वेक्षण खात्यानें 1996 ते 2001 या वर्षांत काढलेले महाराष्ट्राच्या वनस्पतींचे तीन खंड सोबत असावेत.

आपल्या संस्थेनें हे ग्रंथ घेऊन एक नोंदवही ठेवावी: गांव, तेथील नांव व शास्त्रीय नांव. ज्यांच्या शिवारांत अंजन म्हणून कांहींही असेल, मग तें झाड असो, झुडूप असो वा गवत असो, त्यांनीं फूल किंवा फळ असलेली एक फांदी जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून, घड्या रोज बदलून वाळवावी. जागा, तारीख, झाडाची उंची व ताज्या फुलाचा रंग चिठ्ठीवर लिहावा, कारण वाळल्यावर रंग जातो. आणि ती संस्थेच्या कचेरींत द्यावी. जें आपणांस ओळखतां येणार नाहीं, तें पुण्याच्या सर्वेक्षण कार्यालयाकडे तपासणीस पाठवितां येईल.