दम्याचा कफ आणि सूक्ष्मदर्शक यंत्र

दमा म्हणजे श्वासनलिकांचें आकुंचन, अशी समजूत फार दिवस चालत आलेली आहे. नलिकेभोंवतालचे स्नायू आवळतात, वाट अरुंद होते, छातींत सूं सूं आवाज होतो. नलिका रुंदावणारें औषध श्वासावाटे घेतलें कीं घटकाभर बरें वाटतें. हें खरें, परंतु अर्धेंच. नलिकेचें आंतलें अस्तर दाहानें सुजलेलें असतें, त्यांतून चिकट कफ पाझरतो, आणि रक्तांतून आलेल्या पांढऱ्या पेशींची तेथें दाटी झालेली असते.

यांपैकीं एका जातीचें नांव इओसिनोफिल. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यानें १८७९ सालीं, इओसिन नांवाचा तांबडा रंग अधाशीपणानें शोषून घेणाऱ्या या पेशी ओळखल्या व त्यांस हें नांव दिलें. जंतांसारख्या परोपजीवी प्राण्यांशीं झुंजणें हें त्यांचें एक काम. दमेकऱ्याच्या नलिकेंत बहुधा असा कोणी शत्रु नसतो. तरी त्या तेथें जमून आपलीं दाहक द्रव्यें ओततात, आणि पापुद्रा निघतो तो घरच्याच भिंतीचा.

१९४९ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधून फिलिप हेंच यांनीं कॉर्टिसोनचा संधिवातावरील गुण जाहीर केला, तेव्हां दम्यावरही त्याची आशा धरली गेली. परंतु ब्रिटनमध्यें १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत जुनाट दम्यास त्याचा लाभ बेताचाच दिसला. असें कां व्हावें, याचें उत्तर १९५८ सालीं डर्बी येथील डॉ. हॅरी मॉरो ब्राउन यांनीं दिलें, आणि तेंही साध्या साधनानें. रोग्याचा कफ कांचेवर पसरून ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत. ज्यांच्या कफांत इओसिनोफिल पेशी होत्या, ते प्रेडनिसोलोननें सुधारले. ज्यांच्या कफांत नव्हत्या, त्यांना गुण आला नाहीं. निरनिराळ्या प्रकारचे रोगी एकाच नांवाखालीं मोजले कीं औषधाचा गुण झांकला जातो. इतका सोपा धडा वैद्यकानें पुढें विसरावा, हें नवलच.

श्वासावाटे घ्यावयाचीं स्टेरॉइडें १९७२ च्या सुमारास आलीं व बहुसंख्य रोग्यांचें जिणें सुसह्य झालें. प्रश्न उरला तो थोड्यांचा. रोज गोळी घेतल्यावांचून यांचा श्वास चालत नाहीं, आणि वर्षानुवर्षें ती घेतली तर हाडें ठिसूळ होतात, मधुमेह जडतो, डोळ्यांत मोतीबिंदु वाढतो. गोळी एकदम सोडावी तर तेंही जिवावरचें. कारण मूत्रपिंडांवरील ज्या ग्रंथि शरीराचें स्वतःचें स्टेरॉइड निर्माण करतात, त्या एव्हांना निजलेल्या असतात. इतकी किंमत देऊनही कित्येकांच्या कफांत इओसिनोफिल पेशी टिकून राहतात. इंटरल्यूकिन-५ नांवाचा निरोप मिळाला कीं या पेशी अस्थिमज्जेंत वाढतात व दीर्घकाळ जगतात. हा निरोप लसीका-पेशींच्या कांहीं जाती श्वासनलिकेंतच सोडीत असतात, आणि स्टेरॉइड त्यांना पुरतेपणीं गप्प करूं शकत नाहीं.

हा निरोप वाटेंतच अडविणारें औषध म्हणजे मेपोलिझुमॅब. २००७ सालीं सरसकट दमेकऱ्यांवर त्याची परीक्षा झाली आणि तें निरुपयोगी भासलें. १९५६ चीच चूक! २००९ सालीं कॅनडांतील हॅमिल्टन व इंग्लंडांतील लेस्टर येथील वैद्यांनीं उपचार करूनही इओसिनोफिल पेशी न हटलेले रोगी निवडले, आणि दम्याचे जोराचे झटके कमी झाले. २०१४ सालच्या एका चांचणींत गोळीवर अवलंबून असलेले १३५ रोगी होते. औषध मिळालेल्यांच्या मात्रेंतील घट मध्यमानानें ५० टक्के होती, नुसतें पाणी टोंचलेल्यांत ती शून्य होती.

कांहीं तीव्र दमेकऱ्यांच्या कफांत मात्र न्यूट्रोफिल या दुसऱ्याच जातीची गर्दी दिसते. तेथें हें औषध कामाचें नाहीं, व गोळ्या वाढवूनही बहुधा हातीं कांहीं लागत नाहीं. कफ मिळवून, धुवून, रंगवून मोजणें कष्टाचें, म्हणून बहुतेक ठिकाणीं रक्तांतील पेशी मोजून भागवितात. पण रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तांतून त्या पेशी नाहींशा झालेल्या असूनही श्वासनलिकेंत ठाण मांडून बसलेल्या असूं शकतात.