उभा छेद, आडवी शिवण

आतडे जिथे आजारी आहे नेमके तिथेच चिरायचे, तिथेच शिवायचे आणि आतड्याचा एकही तुकडा बाहेर न काढता शस्त्रक्रिया संपवायची! ऐकताना विश्वास बसत नाही ना? पण क्रोन्स या आजाराच्या असंख्य रुग्णांचे आतडे या युक्तीने वाचले आहे. आणि तिची वाट भारतातल्या क्षयरोग्यांच्या पोटातून गेली आहे.

आधी आजार समजून घेऊ. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही दाह होऊ शकतो. पण लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते ती जागा त्याच्या विशेष आवडीची. हा दाह आतल्या अस्तरावर थांबत नाही, आतड्याच्या भिंतीत आरपार उतरतो. मग शरीर जखम भरू लागते. पुन्हा दाह, पुन्हा जखम, पुन्हा भरणे. दरवेळी भिंतीत नवा व्रण, नवे तंतू साचतात. भिंत जाड आणि ताठ होते, आतली वाट चिंचोळी होते. जेवले की कळा, फुगलेले पोट, उलट्या. शरीराने केलेली दुरुस्तीच शरीराची वाट अडवते!

औषधे आहेत की, आणि तीही थक्क करणारी. 1998 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले इन्फ्लिक्सिमॅब दाह भडकवणारा एक रेणू नेमका हेरून निकामी करते. पण औषध शमवते तो दाह. वर्षानुवर्षे घट्ट झालेला व्रण सहसा विरघळत नाही. तिथे शल्यविशारदच लागतो.

1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी 14 रुग्णांच्या आधारे या आजाराचे वर्णन केले. आजारी भाग कापून काढला की रुग्ण बरा होईल, अशी तेव्हा आशा होती. ती फोल ठरली. भाग काढून दोन टोके जोडली की अनेकांत काही काळाने जोडाजवळच आजार पुन्हा डोके वर काढी. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा थोडे आतडे कमी. लहान आतडे साधारण 6 मीटर लांब. ते 200 सेंटिमीटरपेक्षा कमी उरले, तर पोटभर जेवूनही शरीर उपाशी राहू शकते. त्यातून ब-12 जीवनसत्त्व शोषले जाते ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे क्रोन्स जिथे हमखास गाठतो तिथेच. तो भाग गेला की ते काम दुसरा कुठलाही भाग अंगावर घेत नाही.

मग न कापता वाट मोकळी कशी करायची?

इथे भूमितीची कमाल आहे. एखाद्या पोलक्याची बाही दंडाला फार तंग झाली आहे असे समजा. तंग जागी बाहीच्या लांबीत चीर द्या. आता चिरेच्या दोन कडा मधोमध धरून बाजूंना ओढा, चिरेची दोन टोके एकमेकांजवळ आणा आणि आडवी शिवण घाला. कापड तेवढेच, पण बाही थोडी आखूड होऊन चांगली सैल झाली! आतड्याचेही तसेच. उभ्या छेदाची लांबी घेरात जमा होते.

जठराचे अरुंद झालेले तोंड मोकळे करण्यासाठी ही युक्ती 1880च्या दशकापासून वापरात होती. पण आजारी आतड्यावर? क्षयाने आतड्याला जागोजागी आवळे पडलेल्या रुग्णांवर ती वापरल्याचा अनुभव भारतीय शल्यविशारद आर. एन. कटारिया आणि सहकाऱ्यांनी 1977 साली प्रसिद्ध केला. टाके टिकले! ऑक्सफर्डच्या इमॅनोएल ली यांनी तोच धागा क्रोन्सपर्यंत नेला आणि 1982 साली आपला अनुभव मांडला. 1996 साली शिकागोत फाब्रित्सिओ मिकेलासी यांनी आतड्याचा लांबलचक अरुंद पट्टाही न काढता रुंद करण्याची पद्धत दाखवली.

खरे नवल तर पुढेच आहे. आजारी भाग आतच ठेवला, म्हणजे तिथे आजार पुन्हा उसळणार, असेच कोणालाही वाटेल. घडते उलटेच. रुंद केलेल्या जागी दाह बहुधा निवतो, आणि आजार परतलाच तर बहुतेकदा दुसरीकडे परततो. कदाचित अन्न तुंबून राहणे थांबते म्हणून असेल.

कापणेच भाग पडले तरी किती कापायचे? 1996 सालीच क्लीव्हलंडमधल्या एका चाचणीत काही रुग्णांचा आजारी भागालगतचा 2 सेंटिमीटर निरोगी भाग काढला, काहींचा 12. आजार परतण्यात लक्षणीय फरक पडला नाही. मग जास्तीचे 10 सेंटिमीटर का गमवायचे?

ही युक्ती सर्वांसाठी नाही. आतडे फुटले असेल, पू साचला असेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तर तो भाग काढणेच योग्य.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दिसायला जुळ्या भावांसारखे. जागा तीच, आवळे तसेच, सूक्ष्मदर्शकाखालच्या गाठीही बऱ्याचदा सारख्या. शिवण दोघांना चालते, औषधे मात्र नाहीत. क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर क्षय उफाळतो. म्हणून वारंवार पोटदुखी, जुलाब आणि घटते वजन असेल, तर मनाने गोळ्या घेऊ नका, पोटविकारतज्ज्ञाकडे जा. क्रोन्स ठरला तर धूम्रपान पूर्ण थांबवा, कारण त्याने हा आजार बळावतो. आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर डॉक्टरांना बिनधास्त विचारा: आतडे किती काढणार, आणि न काढता भागेल का?