केंब्रिज पाहावयास जातांना

‘रँग्लर’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडीं बसला तो इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठामुळें. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत पहिल्या वर्गांत येणारांस रँग्लर म्हणतात, व सर्वांत वर येतो तो सीनियर रँग्लर. दापोलीजवळच्या मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं १८९९ सालीं हा मान एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीनें मिळविला. असा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. साठ वर्षांनंतर, १९५९ सालीं, कोल्हापुरास जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर यांनीं तोच मान पटकाविला. तेव्हां आपल्या भंडारा जिल्ह्यांतील एखादें कुटुंब विलायतेस निघालें, तर केंब्रिज पाहून यावें असें त्यास वाटणें स्वाभाविकच आहे. परंतु हें स्थळ ताजमहालासारखें नव्हे. वेळ न साधल्यास बंद दरवाजे पाहून परतावें लागतें.

पहिली अडचण सुटीची. आमच्या शाळांस लांब सुटी मिळते ती उन्हाळ्यांत, आणि विदर्भांतील उष्म्यामुळें ती जूनच्या अखेरीपर्यंत चालते. मे व जून हा नेमका तेथील परीक्षांचा हंगाम! त्या दिवसांत पुष्कळ कॉलेजें आपलीं आवारें पाहुण्यांस बंद ठेवितात किंवा थोडा वेळच उघडतात. आणि कोणाच्या अभ्यासांत व्यत्यय येऊं नये यासाठीं असलेल्या या नियमाबद्दल आम्हांस तरी तक्रार करवत नाहीं. म्हणून दिवाळीची सुटी आम्हांस अधिक सोयीची वाटते. ऑक्टोबरच्या आरंभापासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत तेथें पहिलें सत्र चालतें. विद्यार्थी गांवांत असतात व सायकलींनीं रस्ते भरून जातात. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तेथील घड्याळें एक तास मागें घेतात, आणि नोव्हेंबरांत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पाहावयाचें तें सकाळीं पाहावें. लोंकरी कपडे हवेतच. भंडाऱ्याच्या थंडीचा अनुभव तेथें उपयोगीं पडत नाहीं.

पासपोर्ट अगोदर काढून ठेवावा. पाहुण्याच्या व्हिसासाठीं अर्ज मात्र प्रवासाच्या तारखेपूर्वीं तीन महिन्यांच्या आंतच करतां येतो. म्हणजे दिवाळीस जाणारांनीं ऑगस्टच्या सुमारास कागदपत्रांची जमवाजमव पुरी करावी. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनावरून जलद गाडीनें केंब्रिज तासाभराच्या आंतच येतें. स्टेशन गांवाच्या मध्यापासून सुमारें मैलभर दूर आहे, हें म्हाताऱ्या माणसांस बरोबर नेणारांनीं लक्षांत ठेवावें.

‘विद्यापीठ कोठें आहे?’ असें तेथें विचारल्यास उत्तर देणें कठीण. १२०९ सालापासून वाढत आलेलें हें विद्यापीठ एका आवारांत नाहीं. एकतीस कॉलेजें गांवभर पसरलेलीं असून प्रत्येकाचा दरवाजा, वेळ व प्रवेशमूल्य निराळें. एका दिवसांत तीनचारांहून अधिक पाहण्याचा हव्यास धरूं नये. परांजपे यांचें सेंट जॉन्स कॉलेज १५११ सालीं स्थापन झालेलें. त्याला लागूनच ट्रिनिटी. तेथील रेन ग्रंथालयांत न्यूटननें स्वतः टिपणें केलेली ‘प्रिन्सिपिया’ची प्रत आहे, आणि आमच्या रामानुजनची हस्तलिखित वहीही तेथेंच जपलेली आहे. ग्रंथालयाच्या वेळा मात्र निघण्यापूर्वीं पाहून ठेवाव्या. किंग्ज कॉलेजचें प्रार्थनामंदिर १४४६ सालीं आरंभिलें गेलें; त्याच्या दगडी छताची पंख्यासारखी नक्षी पाहतां मान दुखूं लागते. दिवसा पाहावयास तिकीट लागतें, पण सत्र चालू असतां सायंप्रार्थनेचें गायन ऐकावयास मूल्य पडत नाहीं. फिट्झविल्यम संग्रहालयही विनामूल्य आहे. सोमवारीं तें बहुधा बंद असतें.

नारळीकर ज्या फिट्झविल्यम हाऊसचे विद्यार्थी, तें त्या काळीं या संग्रहालयासमोरच होतें. १९६३ सालीं ती संस्था हंटिंग्डन रस्त्यावर गेली व १९६६ सालीं कॉलेज झाली. हें ठाऊक नसलेला मनुष्य भलत्याच इमारतीचें छायाचित्र घेऊन यावयाचा!

मुलीस पुढें तेथें शिकवावें असा ज्यांचा विचार असेल, त्यांनीं त्याच रस्त्यानें आणखी पुढें गर्टन कॉलेजपर्यंत जावें. १८६९ सालीं स्त्रियांसाठीं निघालेलें हें कॉलेज गांवापासून अडीच मैलांवर आहे. आणि तेथें शिकून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या स्त्रियांस विद्यापीठानें पूर्ण पदवी दिली ती १९४८ सालीं. आज तेथें मुलगे व मुली दोघेही शिकतात. पदवीच्या अभ्यासक्रमासाठीं अर्जाची मुदत आदल्या वर्षाच्या ऑक्टोबरच्या मध्यास संपते, यास्तव दिवाळींत जाऊन चौकशी करणारांनीं ती पुढच्या वर्षाच्या अर्जासाठीं समजावी.